शाळा चावते

मुलगी पहिलीत गेली त्या जूनमध्ये मी एक वही केली. स्पर्श, आवाज, वास तिला इतरांपेक्षा फार तीव्र जाणवतात, हे जळगावच्या थेरपिस्ट बाईंनी समजावलं होतं, आणि समजलेलं मी लिहून ठेवते. कॉलरची पट्टी उसवायची. मोजे उलटे घालायचे, म्हणजे शिवण टोचत नाही. देवपूरच्या तिच्या शाळेला मी दिलेल्या यादीत सगळ्यात वर होतं: पंख्याखाली जागा. धुळ्यात दिवाळीपर्यंत उकडतं. आमच्याकडे पाहुण्यालाही आधी पंख्याखाली बसवतात, मग पाणी देतात.

शाळेनं तशी जागा दिली. तरी ती रोज बाकाखाली जाऊन बसायची, बाहेर ओढलं तर किंचाळायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ताई, दसऱ्यापर्यंत पाहू. नाही जमलं तर दुसरी शाळा बघा."

घरी विचारलं की ती एवढंच सांगायची, "शाळा चावते."

मला वाटलं, डास. ढेकूण असतील म्हणून बाकही तपासून आले. मग रोज सकाळी तिच्या हातापायांना डासांचं मलम लावू लागले. चिकट लागतं म्हणून ती रडायची, आणि मी वहीत मलमापुढे खूण करायची.

एक दिवस शाळेत झाडलोट करणाऱ्या अक्कांनी मला फाटकाशी थांबवलं.

"काय फासस व तू पोरले रोज?"

"डास चावतात तिला, अक्का."

"डास नही शे. पंखा चावस तिले. लाईट गयी का पोर बाकवर बठस, लाईट उनी का परत बाकखाले." माझ्या हातातल्या वहीकडे पाहत त्या म्हणाल्या, "एवढं लिखस तू, पोरले इचारं का कधी?"

विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं.

घरी पंखा हळू लावला आणि तिला शेजारी बसवलं. तिनं हात पुढे केला. "इथं चावतो. इथं पण." हातावरची लव वाऱ्यानं हलत होती.

दुसऱ्या दिवशी यादीतली पहिली ओळ खोडली आणि वर्गाच्या बाईंकडे दाराजवळचा कोपरा मागितला. तिथं पंख्याचा वारा पोचत नाही. बाई कचरल्या. "लोक म्हणतील, पोरीला शिक्षा केली."

"मी लिहून देते," म्हटलं, आणि तिथंच लिहून दिलं.

दसरा झाला तरी शाळेतून बोलावणं आलं नाही. न राहवून मीच गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नाव राहू द्या इथंच. बसते ती आता."

खिडकीतून पाहिलं. ती बाकावर बसून 'ग' गिरवत होती. ऑक्टोबरची दुपार होती, तिच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. तिचा घाम पुसायला रुमाल बाहेर काढला. मी तो पुन्हा पर्समध्ये ठेवला आणि बाहेरच उभी राहिले.