फक्कीमामा आणि डावा बॅक

सन २०१७. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो, आणि फुटबॉलमधलं माझ्याइतकं अख्ख्या बजाजनगरात कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती. ती खात्री नसलेला माणूस एकच. फक्कीमामा. आमच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेषा मारायचे, म्हणून हे नाव. ते सामना बघायचेच नाहीत. सामना चालू असला की पाण्याच्या टाकीच्या सावलीला, मैदानाकडं पाठ करून तंबाखू मळत बसायचे. सगळे घरी गेले की उठायचे, हात मागं बांधायचे आणि वाकून मैदानभर फिरायचे. बुटांचे ठसे बघत. "तुम्ही मॅच बघता, मी मैदान बघतो," म्हणायचे.

आम्ही आधी हसलो. मग एकदा आमचा सेंटर हाफ, म्हणजे मधे खेळणारा गडी, सामना हरल्यावर छाती काढून सांगत होता की मी तर सगळीकडं पळालो. मामांनी त्याला हाताला धरून मैदानाच्या मधल्या वर्तुळात नेलं. तिथं त्याच्या बुटांनी माती पार उखणली होती, आणि दहा पावलांवर शनिवारी टँकरनं पाणी मारलेली माती जशीच्या तशी वाळलेली, एक ठसा नाही. "पाव्हणं, तुम्ही इथंच मुक्काम केलाय की," मामा म्हणाले. गडी पुढच्या रविवारपासून पळायला लागला.

मामा मूळचे पैठण रोडकडचे. कंपनीत माल उतरवायला होते, मी प्रेस मशीनवर. मी चौथी शिकलेला, ते तेवढंही नाही. पण दोरी न लावता अशी सरळ रेष मारायचे की शिकलेल्या माणसानं पट्टी घेऊन बघावं. समोरच्या विजेच्या खांबावर नजर ठेवायची आणि मागं मागं चालत यायचं. सामन्याआधी कुणी रेषेवर पाय दिला तर त्याच्या वयाचा मुलाहिजा नाही. मलासुद्धा एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, जमिनीवर बघून चालायला काय पैसे पडतात का?"

रविवारी सकाळी आमची मंडळी पाण्याच्या टाकीखाली जमायची. साळवे वायरमन, गफूर रिक्षावाला आणि आणखी पाचसहा जण. मधे मी. टीव्हीवरच्या परदेशी क्लबांनी या वर्षी कुणाला विकत घ्यावं आणि कुणाला घरी पाठवावं हेसुद्धा आम्हीच ठरवत होतो. त्यांनी आमचं कधी ऐकलं नाही, म्हणून त्यांचं जे व्हायचं ते झालं. त्यांचं उरकलं की आपल्या क्लबाचं. पोरं चार-चार-दोन अशी उभी करायची का चार-तीन-तीन, शहागंजच्या क्लबातून कोण आणायचा, चितेगावचा कोण रिकामा आहे. साळवे जमिनीवर काडीनं अकरा ठिपके काढायचा, मी चपलेनं त्यातले चार पुसायचो.

खेळाडू आणायचा तर मामांची एक रीत होती. "पोरगं पळवायचं नाय, मागून आणायचं." दुसऱ्या क्लबाच्या पोराशी परस्पर बोलायचं नाही. आधी त्यांच्या वडीलधाऱ्याकडं जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि तोंडानं मागायचं. एकदा आमच्या पोरांनी शहागंजच्या एका फॉरवर्डला नुसता फोन करून मोटारसायकलवर बसवून आणलं. दोन्ही टीम कपडे घालून तयार, पंच शिट्टी घेऊन उभा, आणि मामा फक्कीचं घमेलं पालथं घालून त्याच्यावर बसलेले. "आधी इचारून या. मग रेषा." दोघं शहागंजला जाऊन विचारून आले तोवर दीड तास गेला. पंचानं शिव्या घातल्या. मामांनी त्यालाही तंबाखू दिली.

आता माझं सांगतो. माझा मुलगा दत्ता आमच्याच क्लबात डावा बॅक होता, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळायचा. सात वर्षं. वय एकोणतीस, चितेगावला कंपनीत नोकरी. त्या वर्षी दिवाळीनंतर टाकीखाली कुजबुज सुरू झाली की डावी बाजू उघडी पडते, शहागंजचा इम्रान आणावा. मी असताना हे बोलायची कुणाची छाती नव्हती, पण गफूर बोलला.

"अण्णा, तुमचा बेटा है तो क्या हुआ, उमर तो होती ना."

"उमर तुझ्या रिक्षाची झाली," मी म्हणालो. "दत्ताशिवाय ही टीम नाही. लिहून घे."

"मला कुठं लिहिता येतं," गफूर म्हणाला, आणि सगळे हसले. मी नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला एकट्याला मैदानावर बोलावलं. डाव्या रेषेपाशी उकिडवे बसले. दत्ताच्या डाव्या बुटाचा एक खिळा तुटलेला होता, त्यामुळं त्याचा ठसा ओळखू यायचा. "हे बघा, पुढं जाताना दोन्ही पाय नीट पडलेत. आता परत येताना बघा. डावा नुसता चवड्यावर. टाच टेकतच नाय. अण्णा, पोराचा गुडघा दुखतोय. त्याला थांबवा, न्हायतर पाय जाईल."

मामांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. ठसे ते बोटं घालून बघत होते, खोली चाचपत. ते मला दिसत होतं. तरी मी म्हणालो, "आंधळ्या माणसानं फक्की मारावी. माझ्या पोराचा पाय बघू नये."

मामांनी हाताची माती झटकली. "बरं," म्हणाले, आणि घमेलं उचलून गेले.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मी हट्टी माणूस आहे, आजही आहे, त्याची मला लाज वाटत नाही. पण पुढच्या रविवारी जे झालं त्याची वाटते. साळवेनं सगळ्यांसमोर मामांना विचारलं, "मामा, तुम्हीच सांगा आता. डावी बाजू काय म्हणती? दत्ता का इम्रान?" मी मान खाली घातली. मामांच्या एका शब्दानं दत्ताचं नाव गेलं असतं. मामा म्हणाले, "टँकरचं पाणी कमी पडलं होतं. काय उमटलं नाय."

मैदानाबद्दल हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. ते खोटं माझ्यासाठी होतं, घरातली गोष्ट आधी बापानं बोलावी म्हणून. मला ते तिथंच कळलं. तरी मी बोललो नाही. उलट मोठ्या आवाजात म्हणालो, "बघा! म्हणजे दत्ताच." तीन महिने मी असाच बोलत राहिलो. इम्रानचं नाव कुणी काढलं की मी उठून जायचो, आणि मी उठलो की बैठक मोडायची.

जानेवारीत मामांची लेक आली. परभणीला असते. बापाला आता एकटं ठेवत नाही म्हणाली. शनिवारी दुपारी गफूरनंच त्यांना रिक्षातून स्टँडवर सोडलं. मी जाणार नव्हतो. गेलो. मामा बाकड्यावर बसले होते, मांडीवर कपड्यांची पिशवी. मी समोर उभा राहिलो तरी त्यांना ओळखू आलं नाही. मी खोकलो.

"अण्णा का?"

"व्हय."

"बसा की. उभं राहून काय मोठं होतंय?"

मी बसलो. माफी मागायची असं ठरवून आलो होतो, पण मला तो शब्द तोंडातून काढता येत नाही. कधीच आला नाही. मी विचारलं, "पाणी घेतलंय का बरोबर?" ते म्हणाले, "लेकीनं घेतलंय." मग बराच वेळ आम्ही समोरची गर्दी बघत बसलो. म्हणजे मी बघत होतो. गाडी लागली तसे ते उठले, माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाले, "माझं ऐकू नका. एवढंच करा, आज जेवताना बघा दत्ता मांडी घालून बसतो का."

लेकीनं त्यांना वर चढवलं. ते गाडीतून हात हलवत होते, पण भलत्याच माणसाकडं बघून. तीच आमची शेवटची भेट. दोन वर्षांनी ते परभणीलाच वारले.

त्या संध्याकाळी ताटं वाढली. दत्ता आपलं ताट उचलून कॉटवर जाऊन बसला. दिवाळीपासून तो तसाच बसत होता. मी समजत होतो कंपनीच्या कँटीनची सवय. मी म्हणालो, "खाली बस. माझ्याजवळ."

"राहू द्या ना अण्णा."

"बस म्हणतो ना."

त्यानं भिंत धरली. उजवा पाय दुमडला. डावा दुमडेना. अर्ध्यात त्याच्या कपाळावर घाम आला आणि तो तसाच, एक पाय लांब करून, जमिनीवर टेकला. त्याच्या आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मी पँट वर करायला लावली. गुडघ्याला क्रेप बँडेज, आणि त्याखाली सूज नारळाएवढी.

"बोलला का नाहीस?"

दत्तानं ताटाकडं बघितलं. "तुम्ही टाकीखाली सगळ्यांना सांगता, माझ्याशिवाय टीम नाय. दर रविवारी सांगता. मग मी कसं सांगू?"

त्याच्या आईनं माझ्याकडं बघितलं. मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीखाली गेलो. त्या दुपारी स्पर्धेसाठी नावं द्यायची होती. साळवे यादी वाचत होता, गोलकीपरपासून. "लेफ्ट बॅक, दत्ता," म्हणाला आणि सवयीनं माझ्याकडं बघून पुढं सरकला. मी एरवी बसूनच हुकूम सोडायचो. त्या दिवशी उभा राहिलो.

"ते नाव खोड," मी म्हणालो. "त्याचा गुडघा गेलाय. मामांनी मला दिवाळीनंतरच दाखवलं होतं. मी त्यांना आंधळा म्हणालो, आणि तुमच्यापासून लपवलं."

साळवेनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. गफूर हळूच म्हणाला, "तो फिर इम्रान?"

"इम्रान. त्याला मागायला मीच जातो. रिक्षा काढ."

मी रिक्षात बसलो तेवढ्यात दत्ता कोपऱ्यावरून येताना दिसला. लंगडत, सगळ्यांच्या समोरून. "अण्णा, मीपण येतो," म्हणाला. माझ्याशेजारी बसला आणि डावा पाय रिक्षाच्या बाहेर सरळ लांब केला. गफूर म्हणाला, "आराम से रख, बेटा, मैं धीरे चलाता." आणि आम्ही शहागंजला निघालो.