घाटोळेकाकांच्या आईचं वांगं

घाटोळेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी बी चावत आणि मग खुर्चीवर बसत. हिंदी मुलखातल्या खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मी नवी सून म्हणून आले, त्याच आठवड्यात शेजारी म्हणून ते चौकशीला आले. मी अमरावतीहून दुधीच्या बिया आणल्या होत्या. त्यांनी डब्यातली एक उचलून दाढेखाली धरली. "वाकून राहिली, सूनबाई. कट्कन तुटली पाहिजे. काहून बंद केल्या डब्यात?" मला वाटलं, माणूस जरा विक्षिप्त आहे. तो होताच.

दारूगोळ्याच्या कारखान्यात ते पॅकिंगला होते. पेटीत दमट हवा शिरू द्यायची नाही ही त्यांची नोकरी, आणि घरी आल्यावरचा छंदही तोच. "बी मेलेलं नसते, झोपलेलं असते," ते सांगत. "ओल लागली की कूस बदलते. अन् अशी झोपमोड होत राहिली, की पेरायच्या आधीच म्हातारं होते." कांद्याचं बी वर्षभरात थकतं, वांग्याचं जास्त तग धरतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. सांगताना ते इतके गंभीर असत, की हसायची सोय नसे.

त्यांच्या परसात एक काटेरी, फिकट जांभळं वांगं होतं. त्याचं बी त्यांच्या आईने वर्ध्याहून येताना पदराच्या गाठीत आणलेलं. आई गेली, वांगं राहिलं. दर पावसाळ्यात काका आमच्या सगळ्या ओळीला रोपं वाटत. बी मात्र कोणाला देत नसत. "तुम्ही लोक दमट ठेवाल," एवढंच म्हणत. रोपं आयती मिळत होती, त्यामुळे आम्हीही निवांत होतो.

मग लढाईचं वर्ष आलं. बारा-बारा तासांची पाळी, रविवारही कामाचा. बियाण्यासाठी राखलेलं वांगं पिवळं पडून पिकलं, तेव्हा काकांना बियांना ऊन दाखवायचीसुद्धा सवड नव्हती. त्यांनी बी धुतलं, एक दिवस घरातच फडक्यावर पसरलं आणि डब्यात भरून झाकणाभोवती मेण ओतलं, अगदी कारखान्यातल्यासारखं. मला कौतुकाने दाखवलंही. "आता हवेचा बाप आला तरी आत शिरत नाही."

पुढच्या पावसाळ्यात डबा उघडला तर कुबट वास आला. तरी त्यांनी सगळं बी पेरलं. काही उगवलं नाही. पंधरा दिवस ते रोज कामावर जाण्याआधी वाफ्यापाशी उकिडवे बसत. शेवटी आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "बाहेरची ओल अडवली, सूनबाई. आतली आत कोंडली. मायचं वांगं मीच मारलं." त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मला मग कबूल करावंच लागलं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या झाडावरचं एक वांगं पिकू देऊन त्याचं बी काढलं होतं, त्यांना न विचारता. माहेरी पाठवायचं होतं, ते राहून गेलं. चुलीवरच्या फळीवर कागदाच्या पुडीत ते तसंच पडून होतं. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी भीतभीतच पुडी दिली. त्यांनी एक बी नखाने दाबून पाहिलं आणि "वाळलं आहे" एवढंच म्हणाले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मूठभर बियांतून दहाव्या दिवशी तीन कोंब आले, तेही अशक्त. "म्हातारं आहे," काका म्हणाले, "पण जितं आहे."

तीन रोपांतलं एकच त्यांनी स्वतःला ठेवलं. एक मला दिलं, एक पलीकडच्या शुक्लाजींना. "भैया, सिर्फ खाना मत, बीज भी रखना," असं चारदा बजावून. दोनतीन वर्षांत ओळीतल्या प्रत्येक घरी ते बी झालं.

निवृत्त होऊन ते वर्ध्याला निघाले, तेव्हा मी निवडक बियांची पुडी पुढे केली. त्यांनी ती माझ्या मुठीत परत मिटवली.

"मी नेलं तर तुम्ही म्हणाल, घाटोळ्यांकडे आहेच. माझ्यापाशी नाही म्हटल्यावरच जपाल."

मला त्या हट्टाचा रागच आला. आईची एवढी एक खूण, तीही माणूस मागे ठेवून गेला.

ते वारल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा अंगणात त्याच वांग्याचं बी वाळत होतं. ऊन चढलं होतं आणि दुपारचं ऊन त्याला सोसत नाही. मी आधी ते उचलून सावलीत नेलं, आणि मग रडले.