कंबर तलावावरची रेस आणि नातेपुत्याचे आबा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं एका नादाला लागली की ते आपोआप साचत जातात. आणि आमचा नाद तर असा, की नुसता सांगितला तरी लोक हसायचे. सोलापूरला समुद्र नाही, आणि आम्ही बाप्येमाणसं दर रविवारी कंबर तलावावर दोन हात लांबीच्या शिडाच्या होड्यांची रेस लावायचो! होडी काठावरून सोडून द्यायची, ती वाकडीतिकडी जाऊन काठाला लागली की लांब काठीनं तिचं तोंड फिरवायचं, आणि पुन्हा काठाकाठानं तिच्यामागे पळायचं. एका रविवारात किती भानगडी मावतात, ते ऐका.

मी तेव्हा मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो, राहायला काकांकडे. आदल्या दिवशी नातेपुत्याहून मुलीकडच्यांचं कार्ड आलं होतं, "मुलगा पाहण्यास सवडीने येत आहे." सवडीनं म्हणजे कधी? काका म्हणाले, "उद्या घरातून हलू नकोस." सकाळपासून मी तीनदा दाढीवरून हात फिरवला, चारदा कोपऱ्यापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो. आठाच्या ठोक्याला राहवेना. होडी काखेत मारली आणि "आलोच!" म्हणून सटकलो.

*

तलावावर वारा नाही! पाणी तव्यासारखं सपाट.

क्लबचे सेक्रेटरी गुरुनाथ मास्तर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. ते ओलं बोट हवेत धरून उभे होते, आणि मी इकडून तिकडे येरझारा घालत होतो. कुणीतरी म्हणालं, खलाशी शिट्टी वाजवून वारा बोलावतात. मास्तरांनी लगेच खिशातून शिट्टी काढली.

विरूपाक्षप्पा म्हणजे आमच्यातला सुतार, होडी बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. तो रंगाचा डबा खाली ठेवत म्हणाला, "मास्तर, वारा काय कुत्रं हाय का, शिट्टी मारली की यायला?"

मास्तरांनी तरी जोरात शिट्टी मारली. वारा आला नाही. पलीकडच्या काठावरनं दोन कुत्री मात्र आली!

*

दहाच्या सुमाराला वारा सुटला. पहिल्याच रेसमध्ये माझी होडी पुढे. माझा जीव वर-खाली. आणि मधोमध एक म्हैस निवांत डुंबत बसलेली! होडी गेली ती थेट तिच्या पाठीला टेकली आणि तिथंच थांबली.

"मास्तर, आता?"

मास्तरांनी रूलबुक काढलं. पानं उलटली. "अडथळा चल असेल तर रेस पुन्हा. अचल असेल तर तुमचं नशीब." मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी म्हशीच्या धन्याला विचारलं, "काय हो, ही म्हैस चल की अचल?"

धनी विडी विझवत म्हणाला, "ते तिच्या मनावर हाय की!"

माझ्या पाठीमागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बराबर बोलला गडी!"

वळून बघतो, तर फेटा, छत्री, पांढऱ्या मिशा. "दिगंबर तुमीच का? मी नातेपुत्याचा आबा. तुमच्या काकांनी हिकडं धाडलं."

काठाच्या चिखलात पळून माझं धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं. घाईघाईनं नमस्काराला वाकलो, तर हातातल्या काठीनं मास्तरांची टोपी उडवली ती सरळ पाण्यात!

आबा म्हणाले, "असू द्या. तुमचं चालू द्या. मी बसतो हितं." आणि लिंबाच्या सावलीला बसले ते बसलेच. ना प्रश्न, ना हसू. विरूपाक्षप्पानं पान दिलं, तेही त्यांनी गप्पपणे चघळलं. मी होडीकडे एकदा बघत होतो आणि त्यांच्या तोंडाकडे चारदा.

*

त्यात हवालदार आला! गावात निशाणावरून धरपकड होऊन गेली होती, त्यामुळे रंगीत कापड दिसलं की पोलीस थबकायचे. माझं शीड नरसय्यानं केलेलं. तो विणकर. शिलकी सुतातून विणल्यामुळे शिडाला एक पट्टा केशरी, एक हिरवा.

"हे निशाण कुणाचं?"

होणारे सासरे समोर, आणि जावयाची चौकशी पोलीस करतोय!

नरसय्या पुढे झाला. "निशाण नाही साहेब, शीड आहे."

"मग फडफडतंय का?"

"काम नाही म्हणून फडफडतंय. कामाला लागलं की गप बसतंय."

हवालदारानं होडी सोडून दाखवायला लावली. शिडात वारा भरला, फडफड थांबली. हवालदार मान डोलवत म्हणाला, "आमच्या साहेबाला बी काम द्या की कायतरी!"

तो गेला. तेवढ्यात आबा उठले, छत्री उचलली. गेलं स्थळ!

पण ते सावली सरकली होती तिकडे जाऊन बसले.

*

दुपारची शेवटची रेस. मी आणि विरूपाक्षप्पा बरोबरीत. माझी होडी फिरवायला नरसय्या काठी घेऊन पलीकडच्या काठावर, मी अलीकडे. शिट्टी झाली आणि मी पळायला लागलो. बघतो तर शेजारी आबाही पळतायत! दिवसभर तोंडात धरलेले प्रश्न त्यांनी आत्ता काढले.

"शिक्षण किती?"

"व्हर्नाक्युलर फायनल, मग ड्रॉइंगची..." होडी काठाला आली, काठीनं फिरवली.

"आईवडील कुटं असत्यात?"

"मोहोळला! शेती बघतात!" पुन्हा काठी.

"व्यसन?"

"हे एकच!"

आबा धापा टाकत होते, पण मागे राहायला तयार नव्हते. शेवटच्या खुणेपाशी माझी होडी शेवाळात अडकली. खूण दोन हातांवर, आणि माझी काठी वीतभर तोकडी! मागून विरूपाक्षप्पाची होडी सरसर येत होती. मी जागच्या जागी नाचत होतो. पाण्यात पाय घातला तर रेस बाद.

आबांनी छत्री माझ्या हातात दिली. पायताणं काढली, धोतर खोचलं आणि सरळ पाण्यात शिरले. होडीच्या बुडाला असा काही धक्का दिला, की ती सुटली आणि खूण ओलांडून गेली!

मास्तर शिट्टी फुंकत धावले. "बाद! बाद! बाहेरच्या माणसाने होडीला हात लावला!"

आबा गुडघाभर पाण्यात उभे. मिशीला शेवाळ लागलेलं. ते कडाडले,

"बाहेरचा कोन? सासरा हाय मी त्याचा!"