कुकर, चार्जर आणि डिकीतले दांडे

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की आत्याने बॅटरीच्या दुकानदाराच्या डोक्यात चार्जर घातला आणि त्याला टाके पडले. तळमजल्यावरच्या काकू हे सांगताना आवाज खाली आणतात, डोळे मोठे करतात आणि दर वेळी एक टाका वाढवतात. साफ खोटं! आत्याने चार्जर डोक्यात घातला नाही, काउंटरवर ठेवला. जरा जोरात ठेवला. तिथे दुकानदाराचा चष्मा होता. चष्म्याची जागा नाकावर असते, काउंटरवर नाही, असं आत्याचं म्हणणं आहे.

आत्या पडदे शिवते. इमारतीत तिला ‘कुकर’ म्हणतात, पण कुकर निदान आधी शिट्टी तरी देतो. पूर्वी ती पडद्यांच्या एका शोरूमच्या मागच्या खोलीत शिवायची. तिथली मालकीण नाकातून विचारायची, “अगंऽ, ही झालर वाकडी का गंऽ?” झालर सरळ असायची. एक दिवस आत्याने ती झालर मालकिणीच्याच गळ्यात घातली. “आता आरशात बघा काय वाकडं आहे ते,” म्हणाली आणि आपली कात्री घेऊन बाहेर पडली. तेव्हापासून ती स्वतः घरोघरी जाऊन मापं घेते, पडदे शिवते, दांडे बसवून देते. लांबलचक दांडे बसमध्ये मावत नाहीत, म्हणून गाडी. गाडी तिच्या भावाची, म्हणजे दादाची, जुनी, आणि कागदावर अजूनही त्याचीच.

ती गाडी हल्ली दोन दिवस चालायची आणि तिसऱ्या सकाळी मान टाकायची. किल्ली फिरवली की नुसतं टक्. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी चांगली आहे, पण उतरतेय, घरी चार्जर ठेवा.

“मी काय म्हणतो,” दादा म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होतं, जणू आधी कुणी त्याला विचारलंय. “आणखी एकदा बंद पडली की मी गाडी विकणार.”

“आणि दांडे डोक्यावर नेऊ?”

“मी काय म्हणतो, शोरूममध्ये विचारून बघ ना परत.”

आत्याने हातातलं कापड असं टर्रकन फाडलं की दादाला ते स्वतःच्या सदऱ्याचं वाटलं. त्या मागच्या खोलीत परत जायचं? त्यापेक्षा चार्जर परवडला.

दुकानदार गुळाच्या ढेपेसारखा होता. “असं बघा ताई,” त्याने एक जड पत्र्याचा डबा पुढे सरकवला, “हा सगळ्यात स्वस्त. फक्त काट्यावर नजर ठेवायची. बॅटरी भरली की आपण बंद करायचा. विसरलात तर बॅटरी उकळते.”

“मी मशीन चालवू की याच्या काट्याची राखण करत बसू?”

“मग हा बघा, मोठा. ट्रकसुद्धा चार्ज होतो.”

“ट्रक दिसतोय का बाहेर? तो छोटा काय आहे?”

“तो आपोआप थांबतो. वायर उलटी लावली तरी काही जळत नाही. फक्त असं बघा ताई…”

“बघितलं. द्या.”

घरी तिने बॅटरी सोडवून गॅलरीत आणली आणि चार्जर जोडला. लाल दिवा लुकलुकला आणि तसाच लुकलुकत राहिला. सकाळी बॅटरी होती तशीच ठार. एका हातात चार्जर, दुसऱ्या हातात बॅटरीची पिशवी घेऊन आत्या दुकानात शिरली, आणि मग ते चष्म्याचं झालं.

“नासका माल गळ्यात मारता!”

“ताई, चार्जर चांगला आहे,” दुकानदार एका काचेतून बघत म्हणाला. “बॅटरी इतकी उतरलीय की चार्जरला ती जोडलेली कळतच नाही. आधी त्या पत्र्याच्या डब्याने थोडी जाग आणायची, मग हा लावायचा.”

“हे विकताना सांगायला तोंड दुखत होतं?”

“सांगतच होतो. तुम्ही म्हणालात, द्या.”

आत्या आणखी चिडली. चष्मा मात्र भरून दिला, तोही ओरडतच.

दुकानदाराने बॅटरी जागी केली, छोट्या चार्जरने ती रात्रभरात भरली, गाडी सुरू झाली. आत्या दोन दिवस चक्क गुणगुणत होती. तिसऱ्या सकाळी टक्.

दादाने संध्याकाळचं गिऱ्हाईक ठरवलं. “मी काय म्हणतो, त्याच्यासमोर ओरडायचं नाही.”

“नाही ओरडणार,” आत्या म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

गिऱ्हाईक म्हणजे एक शांत, टकला माणूस. अंधार पडता पडता तो आला. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली आणि मागे येऊन थबकला. दांडे डिकीबाहेर आलेले होते, झाकण पडद्याच्या दोरीने बांधलेलं होतं. तो वाकून फटीतून बघू लागला.

“आत दिवा का लावून ठेवलाय?”

डिकीतला बल्ब मंद पिवळा जळत होता. झाकण पूर्ण लागत नव्हतं, म्हणून रात्रंदिवस जळत होता, दिवसा कुणाला दिसत नव्हता आणि बॅटरी पीत होता.

आत्या हळूच दादाकडे वळली. रोज दांडे वर नेणाऱ्या आत्याला एका संध्याकाळी तोच म्हणाला होता, “मी काय म्हणतो, कशाला तीन मजले चढवतेस? डिकीतच राहू दे. दोरीने बांधून टाक.” गाठसुद्धा त्यानेच मारून दाखवली होती.

“मी काय…” दादाने सुरुवात केली आणि पुढचं गिळलं.

आता फुटणार! काकू खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. आत्याने गाठ सोडली. एकेक दांडा काढून दादाच्या हातांवर रचला. झाकण लावलं, दिवा विझला.

“तिसरा मजला,” ती इतक्या हळू म्हणाली की दादा पळतच सुटला. गिऱ्हाईकही गेलं. गाडी राहिली, चार्जर राहिला, आणि दांडे रोज संध्याकाळी दादाच वर नेतो.

गिऱ्हाईकासमोर ती ओरडणारच, अशी मी तिच्याशी पैज लावली होती. हरले. आता महिनाभर घरात तिची नक्कल करायची नाही. लिहायचं नाही, असं मात्र काही ठरलं नव्हतं.