फाटलेलं तेल आणि माझी सही

दसरा झाला की चांदूर बाजारातल्या माझ्या वर्कशॉपसमोर मिनी ट्रॅक्टर उभे राहतात. पूजेसाठी लोक संत्र्याच्या बगिच्यातला ट्रॅक्टर फवारणीच्या पंपानं धुतात, आणि गन थेट गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीवर धरतात. आत पाणी जातं, तेल दुधाच्या चहासारखं होतं. वरून हार आणि कुंकू. मग मालक येऊन मलाच अक्कल शिकवतो, "एकडाव काढा अन् नवं भरा, होऊन जाते."

होऊन जाते म्हणे! एकदा काढल्यानं सगळं तेल निघत नाही. नळ्यांत, लिफ्टमध्ये, स्टिअरिंगमध्ये उरतंच. स्वस्त तेल भरायचं, इंजिन चालवायचं, लिफ्ट वरखाली करायची, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायचं आणि गरम असतानाच काढायचं. फिल्टर नवा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हेच, निदान तीनदा. ज्याला घाई असेल त्यानं रस्ता धरावा. लोक मला माजोरडा म्हणतात, म्हणोत बापडे.

फौजेत मी हवालदार होतो, व्हेईकल मेकॅनिक. बर्फातल्या एका पोस्टवर आमच्याकडे असाच मिनी ट्रॅक्टर होता, पुढे बर्फ ढकलायचं पातं, मागे ट्रॉली. तो चालवायचा लान्स नायक वासुदेव, शेंदूरजनाघाटचा. पोस्टवर वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच.

कमांडर साहेबांचं इन्स्पेक्शन ११०० वाजता होतं. आमचे सुभेदार बुटात तोंड दिसेपर्यंत पॉलिश करवून घेणारे, त्यापलीकडे डोकं चालवायची सवय नाही. ०७०० वाजता त्यांनी वासुदेवला गरम पाण्याच्या जेटनं ट्रॅक्टर धुवायला लावला. वासुदेव नळी झाकायला कापड शोधू लागला, तर त्यासाठीही ओरडा खाल्ला. अर्ध्या तासानं तो तेलाची काडी घेऊन माझ्याकडे आला.

"दादा, तेल फाटलं."

मी सुभेदारांना सांगितलं की तीनदा फ्लश करावं लागेल, दुपार होईल. ते म्हणाले, "एक बार निकालो, भर दो. कमांडर साहब तेल नहीं देखेंगे." वर लॉगबुकात तीनदा लिहायला सांगितलं. माझं प्रमोशन त्यांच्या शिफारशीवर अडलेलं होतं. मी एकदाच तेल काढलं, तीनदा लिहिलं आणि सही केली. वासुदेव शेजारी उभा राहून बघत होता. कमांडर साहेबांनी बॉनेटवर हात फिरवून शाबासकी दिली. उरलेलं उद्या करू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ०५४० वाजता वासुदेवला श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी झालं होतं. हेलिपॅड तीन किलोमीटर खाली, हेलिकॉप्टर ०७०० ला. त्याला ट्रॉलीत झोपवलं. मी स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं, ट्रॅक्टर जागचा हलला नाही. तेलातलं पाणी फिल्टरमध्ये गोठलं होतं, चाकं फिरवणारं तेल पुढे जाईना.

खालून हेलिपॅडवरून वायरलेस सेटवर विचारणा झाली, "गाडी कब निकलेगी? ओव्हर."

मी म्हणालो, "गाडी नहीं चलेगी. पैदल ला रहे हैं. ओव्हर."

सहाजणांनी पाळीपाळीनं स्ट्रेचर उचललं, त्यात मीही होतो. ०७१५ वाजता, हेलिपॅड समोर दिसत असताना, तो गेला.

चौकशी झाली. लॉगबुकात तीन फ्लश, खाली माझी सही. दोष थंडीवर गेला. सुभेदार आता कुठंतरी फेटा बांधून सत्काराला बसत असतील. त्या माणसाची मला किळस येते. त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही, तरी ठेवतो. मला प्रमोशन मिळालं नाही ते बरंच झालं, नाहीतर आरशात बघणं आणखी जड गेलं असतं.

सुट्टीवर आलो तेव्हा शेंदूरजनाघाटला गेलो. वासुदेवचे वडील बगिच्यात संत्री तोडत होते. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि एकच विचारलं.

"ट्रॅक्टर कावून नाही चालला?"

"काका, थंडी लय होती."

"थंडीपुढं कोनाचं चालते बाप्पा," ते म्हणाले. वासुदेव सव्वीस वर्षांचा होता. निघताना त्यांनी निवडून निवडून मोठ्या संत्र्यांची थैली भरून दिली, आणि मी ती घेतली.