नेकनूरचा हुरडा आणि वाणाची डबी

एकीनं फडकं धरायचं, दुसरीनं पाणी ओतायचं. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामांकडे नेकनूरला जायचे, तेव्हा मामेबहीण वत्सला आणि मी रोज हे करायचो. बारवेचं पाणी चार पदरी सुती फडक्यातून गाळल्याशिवाय माठात जायचं नाही. मी कॉन्व्हेंटमधली, नाजूक, म्हणून धरायचं काम माझं. ओतता ओतता मला भिजवण्याचं काम वत्सलानं आपणहून घेतलेलं.

यंदा संक्रांतीनंतर तिचा फोन आला. "हुरडा आलाय, ये. अन् माझ्या शुगरच्या गोळ्या सुटल्या बघ!" हुरड्यासाठी मी सावकाश गेले असते. गोळ्यांचं ऐकून दुसऱ्या दिवशीच निघाले.

पुण्याहून बीडला एसटीच बरी, बायकांना अर्धं तिकीट. सकाळच्या गाडीत डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. बीडच्या स्टँडवर गरम भजी खाऊन नेकनूरची गाडी पकडली. मांजरसुंब्याचा घाट चढला की दोन्ही बाजूंना ज्वारी.

"कावून एवढी घाई केलीस गं? मी काय मरायले का?" वत्सला दारातच म्हणाली. वत्सला गावातच दिलेली, त्यामुळे माझं आजोळ अजून शाबूत आहे. पण ती लंगडत होती. अंगठ्याला हळदीची चिंधी.

"चप्पल चावली."

"कधी?"

"दसऱ्याला."

दसरा होऊन तीन महिने उलटले होते. गोळ्यांऐवजी ती एक पावडर घेत होती. पुतणसून शीतल ती विकते. खपेना, तेव्हा तिनं स्टीलच्या डब्यांत भरून गल्लीभर संक्रांतीचं वाण म्हणून वाटली. ती संपल्यावर पुढच्या डब्या विकत. एका डबीची किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. महिन्याचा किराणा आला असता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या मात्र फुकट, आणि त्या देव्हाऱ्यामागे पडून.

दुसऱ्या दिवशी शेतात आगटी पेटली. कोवळी कणसं, दाण्याची चटणी, दही. हुरड्याला जाल तर नाश्ता करू नका.

शीतलही आली होती. "मावशी, मुळापासून जातो बघा आजार. तुमीपण घ्या."

तिच्याशी वाद घालण्याऐवजी मी वत्सलाला विचारलं, "मामांच्या पायाचा नारू आठवतो?"

"न आठवायला काय! दोरा निघावा तसा किडा निघायलता. सुगीभर बाजेवर पडून होते आबा."

"गावातून कशानं गेला तो? मंत्र घालणाऱ्यानं?"

"तो मेला कोंबडी घेऊन गेला!" ती हसली. "बारवेच्या पाण्यातनं यायचा, फडक्यानं गेला. अन् मग बोअर आलं." मग ती अंगठ्याकडे बघत राहिली.

"तेव्हा आपण फडकं धरलं होतं, वत्सले. आता गोळ्या धर. पाय गेला तर मला भिजवायला कोण येणार?"

"पण वाण कसं टाकू गं? कुंकू लावून दिलंय."

ही खरी अडचण होती. शेवटची कणसं भाजून झाली, तशी तिनं कमरेच्या पिशवीतून डबी काढली आणि पावडर आगटीत ओतली. असा काही धूर उठला की सगळे खोकत बांधापर्यंत पळालो.

"वाण डबीचं असतंय," ती डोळे पुसत म्हणाली. "आतला माल कंपनीचा."

"काकू, लई वकील झालात!" शीतल आधी फुगली, मग तीही हसली. संध्याकाळी तिनंच विचारलं, "दवाखान्यात मी येऊ का संगं?"

सकाळी तिघी गेलो. नर्सबाईंनी जखम धुतली. शुगर बरीच चढलेली निघाली. "आजी, चपलेला कावून बदनाम करता?" त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. अजून महिनाभर उशीर झाला असता तर कापावं लागलं असतं, आता वाचेल म्हणाले. वत्सलानं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

पुण्यात परतून दोन दिवस झाले. ड्रेसिंगला शीतल तिला गाडीवर नेते.

आता वत्सलानं भरून दिलेल्या पिशवीची वाटणी. हुरडा शेजारच्या जोशीकाकूंना, आजच भाजा म्हणावं. दाण्याची चटणी मुलाला, पूर्ण नाही. ती रिकामी डबी सुनेला. वत्सलानं बजावलंय, मोहरी भरा, मेथी भरा, औषध भरू नका. आणि तिच्या जुन्या लुगड्याचं हे मऊ फडकं नातीला. चार पदर करून धरायचं. मात्र ओतायला दुसरी कुणीतरी हवी, एवढं तिला सांगेन.