बिनचिठ्ठीच्या दोन बाटल्या

नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका दवाखान्यात मी रक्त काढायचं काम करत होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर रक्तातल्या जनुकांवरून आधीच ओळखता येईल का, याचा तिथे शोध चालला होता. आजारी बायकांचं रक्त एकीकडे ठेवायचं, धडधाकट बायकांचं दुसरीकडे.

एकदा उंब्रजहून एक बाई आली, ती आजारी होती, सोबत आलेली जाऊ धडधाकट. दोघींचं रक्त काढून मी बाटलीवरच्या चिठ्ठीसाठी आधी आजारी बाईला पूर्ण नाव विचारलं. नवऱ्याचं नाव सरळ कसं घ्यायचं? तिने पदर सावरून उखाणाच घेतला, "चांदीच्या कपाला सोन्याची कडी, ...रावांचं नाव घेते, सुई टोचा थोडी!"

"अगं बया, टोचून झाली की!" जाऊ म्हणाली.

अख्खी रांग खिदळली. मग उखाण्यांना ऊतच आला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसा, सायब," ती आजारी बाई म्हणाली. "पर माजं रगत नीट जपा. माज्या पोरींचं तरी येळंत कळाया पायजे."

मी खाली पाहिलं, तर दोन बाटल्यांतली तिची कुठली, हेच मला सांगता येईना. नोकरीच्या भीतीने मी अंदाजानेच चिठ्ठ्या चिकटवल्या. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. तेव्हा खरं बोललो असतो, तर तिने हसतच दुसरा हात पुढे केला असता.